संगणकाने धाडलेल्या नोटिशीला उत्तर कसं द्यावं

बाबांच्या नावाने आलेली नोटीस मी उभ्याउभ्याच वाचायला घेतली आणि तिसऱ्या ओळीवर अडखळले. 'सदर बाब गांभीर्याने घेण्यात यावी, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.' हे वाक्य माझं होतं, अगदी शब्दन् शब्द. सरकारी कार्यालयांसाठी तपासणीचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत मी सहा वर्षं नोटिशींचे साचे लिहायचे. नोकरी सोडून चार वर्षं झाली होती, वाक्य मात्र इमानेइतबारे कामावर होतं.

बाबांच्या जमिनीवर विनापरवाना पत्र्याची शेड आहे, पंधरा दिवसांत लेखी खुलासा करा, असा मजकूर होता. बाबांच्या जमिनीवर शेड नाही आणि कधी नव्हतीही. "मी जाऊन साहेबांनाच सांगतो," म्हणत बाबा चपला शोधायला लागले. पण भेटायला साहेबच नव्हते. खाली सही नव्हती, फक्त 'ही नोटीस संगणकनिर्मित असल्याने स्वाक्षरीची आवश्यकता नाही' एवढी ओळ होती. (तीही माझीच. माफ करा.)

त्या पंधरा दिवसांत आम्ही काय केलं आणि त्याआधी सहा वर्षं आतल्या बाजूने मी काय पाहिलं, त्यावरून हे लिहिते आहे. कायदा देशागणिक वेगळा असतो, पण यंत्राची चाल सगळीकडे जवळपास सारखीच असते.

आधी पाकीट जपा

नोटिशीवर तीन तारखा लागू असतात: पाहणी कधी झाली, नोटीस कधी तयार झाली आणि तुम्हाला कधी मिळाली. मुदत यांपैकी कोणत्या तारखेपासून मोजायची, ते नोटिशीत किंवा तिच्यात दिलेल्या कलमात शोधा. टपालाने आली असेल तर पाकीट फेकू नका, शिक्का त्याच्यावरच असतो. ईमेल किंवा संदेश आला असेल तर वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

'मी ईमेल उघडलाच नव्हता' हे कारण बहुधा चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ साली ई-व्यवहारांसाठी एक नमुना कायदा केला आणि बऱ्याच देशांनी त्यावरून आपापले कायदे बेतले. त्यातलं सूत्र असं की, तुम्ही संदेशांसाठी नेमून दिलेल्या खात्यात संदेश शिरला की तो तुम्हाला मिळाला. वाचला की नाही, हा प्रश्नच येत नाही. त्यामुळे कधीकाळी एखाद्या अर्जासाठी सरकारी संकेतस्थळावर खातं उघडून विसरला असाल, तर आजच त्यात डोकावा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बेकारभत्त्यातली फसवणूक पकडायला 'मिडास' नावाची प्रणाली २०१३ ते २०१५ या काळात स्वतःच निर्णय देत होती. ती लोकांच्या ऑनलाइन खात्यात प्रश्नावली टाकायची आणि उत्तराला दहा दिवस द्यायची. भत्ता घेऊन झाल्यावर ते खातं उघडायचं कोण कशाला? उत्तर आलं नाही की फसवणूक झाली असं धरलं जाई. यंत्राने एकट्याने निकाली काढलेली २२,४२७ प्रकरणं राज्याने नंतर पुन्हा तपासली, तेव्हा ९३ टक्के चुकीची निघाली.

मी पाहिलेल्या प्रत्येक प्रणालीत एक रकाना असायचा: 'उत्तर प्राप्त — होय/नाही'. मुदत संपल्यावर रात्री यादी काढली जायची आणि 'नाही' असलेली सगळी प्रकरणं आपोआप पुढच्या पायरीवर, म्हणजे दंडाच्या नोटिशीकडे सरकायची. म्हणून पूर्ण खुलासा तयार नसेल तरी मुदतीच्या आत एका ओळीचं का होईना, लेखी उत्तर द्या: 'नोटीस मिळाली, आरोप मान्य नाही, कागदपत्रं मिळावीत आणि त्यानंतर अमुक दिवसांची मुदत मिळावी.' एवढ्याने तो रकाना 'होय' होतो आणि तुमचं प्रकरण माणसाच्या टेबलावर जातं. आवक क्रमांक आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. फोनवर तासभर वाद घातलात तरी तो रकाना 'नाही'च राहतो.

नोटीस खरी आहे का, हेही याच टप्प्यावर पाहून घ्या. संदेशातल्या दुव्यावर टिचकी मारू नका. कार्यालयाच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकून तिथे नोटिशीचा क्रमांक सापडतो का, ते बघा. खुलासा मागण्याआधीच 'आत्ताच दंड भरा' म्हणणारी नोटीस संशयास्पद समजा.

चार सांधे

नोटीस वाचताना आपल्याला वाटतं की कुणीतरी आपल्या जमिनीवर आलं, शेड पाहिली आणि आपल्यावर रागावलं. असं काहीच झालेलं नसतं. एका ठिकाणी चित्रात काहीतरी दिसलेलं असतं. ते दुसऱ्या ठिकाणच्या नकाशावर ठेवलेलं असतं. नकाशातल्या तुकड्याचा क्रमांक तिसऱ्या ठिकाणच्या मालकी नोंदीशी जुळवलेला असतो. आणि चौथ्या ठिकाणी एक नियम लावून पाहिलेला असतो. चार सांधे, बहुधा चार वेगवेगळ्या खात्यांचे. चूक जवळजवळ नेहमी सांध्यात असते. तुमचं काम एकच: कोणता सांधा निखळलाय ते शोधायचं आणि उत्तर तेवढ्यापुरतंच द्यायचं. 'आम्ही तीन पिढ्या इथे प्रामाणिकपणे राहतो' हे खरं असलं तरी ते कुठल्याच सांध्यावर बसत नाही.

पहिला सांधा: दिसलं काय? यंत्राला शेड दिसत नाही, चौकोनी आणि चमकदार काहीतरी दिसतं. गवताच्या गंजीवरची ताडपत्री, पाण्याची टाकी, एखाद्या झाडाची दुपारची सावली या सगळ्यांना मी 'बांधकाम' झालेलं पाहिलंय. फ्रान्सच्या कर खात्याने हवाई चित्रांवरून न नोंदवलेले पोहण्याचे तलाव शोधले. २०२२ साली नऊ विभागांतल्या चाचणीत वीस हजारांवर तलाव सापडले आणि सुमारे एक कोटी युरोचा कर हाती आला. पण सुरुवातीला त्याच सॉफ्टवेअरने सौरपटलांनाही तलाव ठरवल्याच्या बातम्या होत्या. निळं, चौकोनी, चकचकीत. यंत्राची तरी काय चूक म्हणा.

इथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. चित्र कोणत्या उपग्रहाचं किंवा विमानाचं आहे, आणि चित्रातला एक ठिपका जमिनीवर किती मीटरचा आहे, हे विचारा. युरोपचा सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी तीच जमीन पाहतो आणि त्याची चित्रं फुकट मिळतात, म्हणून तो फार वापरला जातो. पण त्याचा सर्वांत बारीक ठिपका दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटर जमिनीसाठी एकच रंग. पीक उभं आहे की कापलं, झाडी तोडली की नाही, हे त्यातून छान कळतं. तीन बाय चार मीटरची शेड त्यातून ओळखली म्हणणाऱ्याला मात्र पुरावा मागायलाच हवा.

दुसरा सांधा: दिसलं कुठे? सगळ्यांत जास्त घोळ इथे होतात आणि आमचाही इथेच होता. हद्दीचे नकाशे बरेचदा जुन्या कागदावरून संगणकात उतरवलेले असतात. ते हवाई चित्रावर ठेवले की रेषा थोड्या सरकतात. दोन नकाशे एकमेकांवर ठेवल्यावर हद्दीच्या कडेने ज्या लांबट, निरुंद पट्ट्या उरतात, त्यांना आम्ही चिरफळ्या म्हणायचो. शेजाऱ्याच्या शेडची एक कड अशा चिरफळीत आली की संगणकाच्या लेखी ती शेड तुमच्याही जमिनीवर असते. त्यासाठी प्रणालीत एक मर्यादा ठेवलेली असते: अमुक चौरस मीटरपेक्षा कमी भाग आत आला तर दुर्लक्ष करा. ही मर्यादा किती ठेवायची यावर बैठका झडत आणि शेवटी कुणीतरी कंटाळून एक आकडा सांगे. तुमच्या प्रकरणात किती चौरस मीटर भाग आत आलाय, आणि दुर्लक्षाची मर्यादा किती आहे, हे दोन आकडे लेखी मागा. मी तरी हा प्रश्न नागरिकाकडून कधी आलेला पाहिला नव्हता.

उंच इमारतीच्या बाबतीत आणखी एक भानगड होते. चित्र तिरपं घेतलेलं असेल तर छप्पर पायापासून बाजूला झुकलेलं दिसतं आणि छपराची कड शेजारच्या भूखंडात जाते. तपासनीस स्वतः येऊन फोनवर फोटो काढून गेला असेल, तरी निर्धास्त राहू नका. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोनचं स्थान साधारण पाच मीटरपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं, आणि भिंतीलगत किंवा झाडाखाली त्याहूनही जास्त. अरुंद भूखंडाच्या बाबतीत पाच मीटर म्हणजे शेजाऱ्याचं अंगण.

तिसरा सांधा: जमीन कोणाची? विकलेली जमीन अजून जुन्या नावावर असणं, वारस नोंद न झाल्याने नोटीस वारलेल्या माणसाच्या नावे जाणं, सहा सहहिस्सेदारांपैकी यादीत पहिलं नाव असलेल्यालाच ती मिळणं, हे रोजचं आहे. नाव जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन वेगळ्या माणसांची सारखी नावं एकच वाटतात आणि एकाच माणसाच्या नावाची दोन वेगळी लेखनं दोन माणसं वाटतात. आधी मालकीची ताजी नोंद काढा, मगच पुढे जा. नोटीस भलत्या पत्त्यावर जाऊन परत आली असेल तर तो मुद्दा किरकोळ समजू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली 'जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स' खटल्यात हेच पाहिलं होतं. कर थकला म्हणून राज्याने घर विकलं, पण मालकाला पाठवलेली नोंदणीकृत पत्रं न स्वीकारता परत आली होती. पत्र परत आल्याचं कळूनही शक्य ते आणखी प्रयत्न न करणं पुरेसं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तिथलं बंधन तिथेच लागू, पण तर्क कुठेही मांडता येतो: पत्र परत आलंय हे प्रणालीला माहीत होतं, मग पुढे काय केलं?

चौथा सांधा नियमाचा. बांधकाम नियम यायच्या आधीचं आहे का? परवाना दुसऱ्या खात्याच्या कागदी फायलीत पडून आहे का? संगणकाला कागदी फाईल दिसत नाही, आणि 'परवाना सापडला नाही' याचं साच्यात 'परवाना नाही' असं होतं. हा फरक मीच कितीतरी साच्यांत पुसलाय, कारण छोटं वाक्य बरं दिसतं. दंडाची रक्कम लावली असेल तर ती कशी मोजली, तेही विचारा. बरेचदा मधली माहिती गृहीत धरलेली असते. ऑस्ट्रेलियात 'रोबोडेट' नावाने कुप्रसिद्ध झालेल्या योजनेत लोकांचं वर्षाचं उत्पन्न सव्वीस पंधरवड्यांत सारखं वाटून 'तुम्ही जादा भत्ता घेतलात' अशा वसुलीच्या नोटिसा काढल्या होत्या. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न असं सारखं येतं कुठे? २०१९ साली न्यायालयात सरकारलाच माघार घ्यावी लागली. जमिनीच्या प्रकरणात याचा जुळा भाऊ म्हणजे 'नियमभंग सुरू झाल्याची तारीख'. तारीख माहीत नसली की यंत्र एखादी सोयीची तारीख धरून तिथपासून रोजचा दंड मोजतं.

पुरावा असा जमवा

जागेवर जा आणि चारही दिशांनी फोटो काढा. प्रत्येक फोटोत हद्दीचा दगड किंवा कुंपण आणि त्याशिवाय न हलणारी एखादी खूण आली पाहिजे: विजेचा खांब, विहीर, रस्त्याचा वळसा. फोनच्या कॅमेऱ्यात स्थान नोंदवणं सुरू ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली स्थानाची आणि वेळेची माहिती गळून पडते. पाठवायचाच तर फाईल म्हणून, दस्तऐवजाच्या पर्यायातून पाठवा. मूळ फोटो फोनमधून पुसू नका.

जुनी परिस्थिती दाखवायची असेल तर गूगल अर्थमध्ये आधीच्या वर्षांची चित्रं बघता येतात. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचा साठा १९७२ पासूनचा आहे आणि २००८ पासून सगळ्यांना फुकट आहे. त्याच्या ठिपक्यात घर दिसणार नाही, पण 'इथे तेव्हा रान होतं की शेत' एवढं सांगता येतं. चित्र जोडताना त्यावरची तारीख दिसली पाहिजे. हद्दीचाच वाद असेल तर मात्र फोटोंवर भागवू नका, अधिकृत मोजणी करून घ्या. वेळ लागतो, म्हणूनच मुदतवाढ आधी मागायची.

सोबत कार्यालयाकडून मागायचं ते असं: मूळ चित्र, त्याची तारीख, त्यावर आखलेली हद्द, आणि नोटीस निघण्याआधी एखाद्या माणसाने हे प्रकरण पाहिलं होतं का, याचं हो किंवा नाही असं उत्तर. हा शेवटचा प्रश्न टाळू नका. युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमावलीचं बाविसावं कलम २०१८ पासून लागू आहे. निव्वळ यंत्राने घेतलेल्या आणि माणसावर मोठा परिणाम करणाऱ्या निर्णयापासून ते काही अपवाद वगळता संरक्षण देतं. फ्रान्सच्या २०१६ च्या कायद्याने तर एखाद्याबाबतचा सरकारी निर्णय गणनविधीच्या (अल्गोरिदमच्या) आधारे घेतला असेल तर तसं त्यात स्पष्ट लिहायला लावलंय. तुमच्याकडे असा कायदा नसेल तरी प्रश्न विचारायला कुणी अडवत नाही. 'नाही' असं लेखी उत्तर मिळालं तर सुनावणीत ते सोन्यासारखं असतं.

खुलासा एका पानाचा

बाबांनी पहिला खुलासा स्वतः लिहिला होता, साडेतीन पानी. त्यात आजोबा होते, शेजाऱ्याशी झालेलं जुनं भांडण होतं आणि शासनाच्या एकूण धोरणावर परखड मत होतं. तो मी प्रेमाने फाईलला लावून ठेवला आणि हा पाठवला:

'नोटीस क्रमांक अमुक, दिनांक अमुक, आम्हास अमुक दिनांकास मिळाली. नोटिशीत नमूद शेड आमच्या भूखंडात नसून लगतच्या भूखंडात आहे. सोबत हद्दीच्या खुणांसह चार छायाचित्रे व मोजणी नकाशाची प्रत जोडली आहे. आपल्या नकाशात शेडचा जो भाग आमच्या हद्दीत दाखवला आहे, त्याचे क्षेत्रफळ व त्याबाबत प्रणालीत ठेवलेली किमान मर्यादा कळवावी. प्रत्यक्ष स्थळपाहणी आमच्या उपस्थितीत करावी. तोपर्यंत पुढील कार्यवाही स्थगित ठेवावी व नोटीस मागे घेतल्याचे लेखी कळवावे.'

एवढंच. शेजाऱ्याकडे परवाना आहे की नाही, याबद्दल चकार शब्द नाही. तो आपला सांधा नव्हे, आणि उद्या त्याच बांधावरून जायचंय.

नोटीस बरोबर असेल तर? असतेही, आणि बरेचदा असते. तेव्हा यंत्राच्या चुका शोधत बसण्यात मुदत घालवू नका. हा नुसता इशारा आहे की दंडाची पायरी, ते आधी वाचा, कारण इशाऱ्याच्या टप्प्यावर दुरुस्ती बहुधा स्वस्तात होते. युरोपीय संघात शेती अनुदानासाठी उपग्रहावरून देखरेख २०२३ पासून सक्तीची झाली. तिथे यंत्राला शंका आली की शेतकऱ्याकडून स्थान नोंदवलेला फोटो मागवता येतो, आणि दंडाआधी अर्ज दुरुस्त करण्याची संधी मिळते. तुमच्याकडे तशी सोय आहे का, ते पाहा. दुरुस्ती केलीत की आधीचे-नंतरचे फोटो जोडून 'पूर्तता केली, फेरपाहणी करावी' असा अर्ज द्या. फेरपाहणी आपोआप होत नाही.

प्रकरण 'बंद' झालं म्हणजे काय झालं

आमच्याकडे स्थळपाहणीला एक तरुण तपासनीस आला, दगड पाहिला, हसला आणि लिहून घेऊन गेला. तीन आठवड्यांनी नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं. पुढच्या वर्षी तीच नोटीस पुन्हा आली. तारीख नवी, बाकी सगळं तेच. माझं वाक्यही.

हे व्हायचंच होतं, आणि मला ते आधी सुचायला हवं होतं. प्रकरण बंद केलं होतं, पण नकाशातली हद्द तशीच सरकलेली होती. नव्या वर्षाचं चित्र आलं, त्याच चुकीच्या रेषेवर ठेवलं गेलं आणि यंत्राला तीच शेड पुन्हा सापडली. नोटिशीचा खुलासा एका खात्याकडे जातो, नकाशाची दुरुस्ती दुसऱ्याकडे असते, आणि पहिलं खातं दुसऱ्याला काही कळवत नाही. म्हणून नोटीस मागे घेतल्याचं पत्र हातात पडलं की त्याची प्रत जोडून हद्दीच्या किंवा नावाच्या नोंदीत दुरुस्ती करण्याचा वेगळा अर्ज, ज्या खात्याची ती नोंद आहे त्याच्याकडे करा. त्याचीही पोच घ्या. आम्ही तो अर्ज वर्षभर उशिरा केला.

रेषा सरळ झाली. त्याच्या पुढच्या फेरीत बाबांना काही आलं नाही. नोटीस गेली शेजारच्या काकांना, कारण शेड आता पूर्णपणे त्यांच्या जमिनीत दिसत होती. काका ती हातात नाचवत आमच्या ओट्यावर आले. परवाना आहे म्हणाले, जुना, कागदावरचा, ट्रंकेत कुठेतरी. बाबांनी चष्मा लावला, नोटीस उलटसुलट करून पाहिली आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "ते राहू द्या. पाकीट कुठंय?"